फिनिसचा ठसा

मित्रांनो, मी छापखान्यातला एक जुना लाकडी ठसा आहे. माझ्या अंगावर ‘फिनिस’ हा एकच शब्द उलटा कोरला आहे. शब्द लॅटिन. कधीकाळी लोक त्याने हद्द दाखवत, माझी जमीन इथवर आणि पुढची तुझी. मग तो पुस्तकांच्या शेवटी येऊन उभा राहिला. गोष्ट संपली, एकही पान हरवलेलं नाही, खुशाल पुस्तक मिटा, एवढं सांगणं हे माझं काम.

मला कंपोझिटरकाकांशिवाय कुणी हात लावत नसे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून झाले की ते मला शेवटच्या पानाच्या तळाशी बसवत आणि म्हणत, “चला, पोचलो.” राजे मेले, लग्नं लागली, मी आपला खाली उभा. दुसऱ्यांचं सगळं संपवून संपवून फार थकायला होतं हो.

एकदा हस्तलिखिताचा शेवटचा कागद ट्रेखाली सरकला. काकांचे डोळे अधू झालेले. हातातला मजकूर संपला तशी त्यांनी मला बसवलं. छपाईही झाली. बांधणीवाल्या मावशींना घड्या घालताना वाचायची खोड. त्या तरातरा आल्या.

“काका, अहो पोरगी अजून विहिरीतच आहे!”

“खाली फिनिस छापलंय ना? मग संपली गोष्ट,” मालक म्हणाले. “शिवायला घ्या. कुणाला कळतंय?”

“पोरांना कळतं. मी नाही शिवणार. ही घ्या सुई, तुम्हीच शिवा.”

काकांनी ट्रे उचलला. कागद तिथेच होता.

“चूक माझी,” ते म्हणाले. “मालक, एवढं पान जुळवू द्या. मग घरीच बसतो.”

 कोऱ्या कागदाचा गठ्ठा मालकांनीच फोडला.

दुपारभर काका एकेक खिळा डोळ्याशी धरून जुळवत होते. मावशी मजकूर वाचून दाखवत होत्या.

“आली का गं वर?”

“आली. भिजून चिंब झालीय नुसती.”

काकांनी मला बसवलं. ‘पोचलो’ त्यांच्याने म्हणवेना. ते मावशींनी म्हटलं.

आता मी खणात धूळ खात पडलोय. शेवटचं अक्षर तुटलंय. मला पुसा, तेल लावा, असं काही म्हणत नाही. फक्त गोष्ट सांगाल तेव्हा आपण दमलो म्हणून ती संपवू नका. आधी विहिरीत वाकून बघा.