एकाच तारेवरची नऊ मतं

मूल गावच्या बसस्टँडमागे नाहीदचा संगणकाचा क्लास होता. पाच संगणक, एक प्रिंटर आणि टेलिफोनच्या तारेवरून येणारं एकच इंटरनेट, तेही वीज असली तर. सरकारनं नोकरदारांना संगणकाचं प्रमाणपत्र सक्तीचं केल्यापासून तिच्याकडे पोरांपेक्षा पोक्ती माणसंच जास्त येत. निवृत्तीला वर्ष उरलेले तलाठी गुणवंतराव, अंगणवाडीच्या अंजनाबाई, राईस मिलमधला निकेश. माऊस सगळ्यांच्याच हातून सारखाच निसटायचा आणि नाहीद सगळ्यांना सारखीच दटावायची.

दुपारी क्लास रिकामा झाला की ती इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात लिहीत बसायची. तो कुणा एकाचा नव्हता. एकानं लिहावं, दुसऱ्यानं सुधारावं, तिसऱ्यानं त्यात खोड काढावी, असा तिथला कारभार. दर महिन्याला सगळ्यांनी मिळून एका विषयावर काम करायचं आणि तो विषय मतं घेऊन ठरवायचा. मत देणं म्हणजे नुसता हात वर करणं नव्हे. ज्यानं मत दिलं त्यानं कामाला हात लावायचा, असा नेम होता. निवडणुकीत हा नेम असता तर मतदानाला कोण गेलं असतं, देव जाणे.

२००८ सालच्या नोव्हेंबरात नाहीदनं आपल्या मुलखातला एक विषय सुचवला: झाडीपट्टीतली धानाची जुनी वाणं. त्यामागे देवाजीभाऊ होते.

देवाजीभाऊ तिच्या अब्बांचे दोस्त. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि देवाजीभाऊंकडे घड्याळ नव्हतं, तरी बाजारच्या दिवशी ते तिथंच बसायचे. अब्बा गेले त्या वर्षी ईदच्या आदल्या दिवशी ते बारा किलोमीटर सायकल हाणत आले आणि नाहीदच्या अम्मीच्या हातात चिन्नोर तांदळाची पिशवी ठेवून, पाणीही न पिता परत गेले. पुढे एकही ईद चुकली नाही. यंदा मात्र पिशवी देताना ते म्हणाले होते की ही शेवटची. पोरं आता जुनं धान पेरायला तयार नाहीत, आणि त्यांचं तरी काय चुकलं, उतारा कमी पडतो. मग त्यांनी बोटांवर मोजत तेवीस वाणांची नावं सांगितली. नाहीदनं ती वहीत उतरवली आणि नंतर ज्ञानकोशात एक पान केलं.

त्या पानावर आठवड्यातच पाटी लागली: पुरावा नाही, पुस्तकाचा आधार नाही, महिनाअखेर पान काढून टाकण्यात येईल. काढायला वेळ लागत नाही लोकांना. वाचवायचा एकच रस्ता होता. विषय सामूहिक कामासाठी निवडला गेला, तर पुण्या-नागपुरातली मंडळी ग्रंथालयं धुंडाळून आधार शोधणार होती.

समोर होते किल्ले. ते 'घाटवाटा' या नावानं वावरणाऱ्या, ज्ञानकोशाच्या एका व्यवस्थापकानं सुचवले होते. बिचारा तीन महिने सुचवत होता आणि तिन्ही वेळा हरला होता. या खेपेला किल्ल्यांना तेरा मतं होती. धानाला तीन: नाहीद, नागपूरचे एक प्राध्यापक आणि कॅनडातली एक डॉक्टरीणबाई.

नाहीदनं क्लासमध्ये गाऱ्हाणं मांडलं. सगळे भाताचेच खाणारे. एका दुपारी आठ जणांनी आपापल्या नावानं खाती उघडून मतं दिली. नववं मत देवाजीभाऊंचं. ते मुद्दाम आले होते. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून नाहीदनं नाव टंकलं आणि शेवटची कळ त्यांच्या बोटानं दाबवली. आपलं नाव कोणतं ते त्यांनी विचारून घेतलं आणि पडद्यावर त्यावर बोट ठेवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नऊही नावांवर आडवी रेघ होती. खाली घाटवाटानं लिहिलं होतं की ही सगळी खाती एका तासात, इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून उघडली गेली आहेत. एकाच व्यक्तीनं अनेक नावं धारण केली आहेत. ही फसवणूक आहे.

नाहीदच्या कानातून वाफा निघाल्या. गावात एक तार, त्या तारेवर नऊ माणसं, आणि हा म्हणतो एकच! पण संगणकाच्या त्या टोकाला कुणाचा चेहरा दिसत नाही, हेही तिला कळत होतं. तिनं सगळं खरंखरं लिहिलं. सभ्य उत्तर आलं: तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, पण विश्वास हा पुरावा नाही.

बाजारच्या दिवशी देवाजीभाऊ आले आणि त्यांनी पडदा पाहिला. वाचता येत नसलं तरी रेघ कळते.

"माहं नाव काऊन खोडलं, बेटी? मी का चुकी केली?"

नाहीदला सगळ्यात जास्त लाज या गोष्टीची वाटली की तिच्या भरवशावर बोट टेकवणारा माणूस तिच्यामुळे खोटारडा ठरला होता. मत देईल त्यानं काम करायचं, हा नेम मात्र तिला तिथंच आठवला. मत खोडलं होतं. काम करायला कुणी मनाई केली नव्हती.

त्या आठवड्यात क्लासमध्ये धडे झालेच नाहीत. जो तो आपल्या खात्यावरून चर्चेच्या पानावर लिहू लागला. निकेशनं लिहिलं, मिलमध्ये कोणत्या धानाची कणी जास्त होते. अंजनाबाईंनी बाळंतिणीला कोणत्या तांदळाची पेज देतात ते लिहिलं. गुणवंतरावांनी सरकारी थाटात नोंदवलं की सदर हिरानखी वाणाची रोपे लावून रोवणी केली जाते. देवाजीभाऊ शेजारीच बसले होते. नाहीदनं वाचून दाखवताच ताडकन उठले.

"लिही बेटी. म्हनाव, तलाठीसाहेबानं धान सातबाऱ्यावर पाह्यलं, बांधीतल्या चिखलात नाई. हिरानखी आवत्यानंच पेरत होतो आमी, बी हातानं शितून."

गुणवंतराव भडकले. त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, पाऊण तास खपून उत्तर दिलं की माझे वडीलही शेतकरीच होते. अंजनाबाईंनी दोघांनाही चूक ठरवलं. निकेशनं अंजनाबाईंना. तीन दिवस नुसती हातघाई. एका खोलीत, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली माणसं समोरासमोर काही न बोलता कळफलकावरून भांडत होती, आणि नाहीद कपाळाला हात लावून बसली होती. आता उरलीसुरली अब्रूही गेली, असं तिला वाटलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सहा वाजता मतदान संपणार होतं आणि चारला तिनं पान उघडलं. नऊ नावांवरच्या रेघा निघाल्या होत्या. खाली घाटवाटाचा मजकूर होता:

"माझी चूक झाली. एक माणूस नऊ नावं घेऊ शकतो, पण हिरानखी कशी पेरायची यावरून तीन दिवस स्वतःशी भांडू शकत नाही. नऊही जणांची, आणि श्री. देवाजी यांची विशेष, माफी मागतो."

नाहीदनं मोजलं. किल्ले तेरा, धान बारा. एकानं हरलो. तरी तिला वाईट वाटेना. नावं परत मिळाली होती. तेवढ्यात पान ताजं केलं तर किल्ल्यांच्या यादीत एक रेघ नवी दिसली. घाटवाटानं आपलंच मत खोडलं होतं, आणि धानाखाली तेरावं नाव त्याचं होतं. पुढे त्यानं लिहिलं होतं की किल्ले चारशे वर्षं उभे आहेत, अजून महिनाभर थांबतील.

मग मात्र ती रडली, भर क्लासमध्ये. ज्याचं खरं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, अशा माणसाचे उपकार कसे फेडायचे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

डिसेंबरभर पान फुगत गेलं. प्राध्यापकांनी जुन्या सरकारी अहवालात तेवीसपैकी एकोणीस नावं शोधून काढली. पाटी गेली. देवाजीभाऊंनी घाटवाटासाठी चिन्नोरची पिशवी आणून ठेवली. पत्ता विचारला तर त्यानं 'हात जोडतो, पण नको' असं लिहिलं. पिशवी टेबलावर पडून राहिली आणि म्हातारा खट्टू झाला.

जानेवारीच्या विषयासाठीच्या मतदानात किल्ले पुन्हा आले. नाहीदनं ते सहज सांगितलं, तर देवाजीभाऊंची मान वर झाली.

"आपल्याकडं किल्ले नाईत का? बल्लारपूरचा हाये, मानिकगड हाये, वैरागड हाये. मी तिन्ही पाह्यले. आपलं मत देऊन टाक त्याले."

त्या दुपारी एकाच तारेवरून, एका तासात, किल्ल्यांना दहा मतं पडली, नाहीदचं दहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पान उघडताना जरा घाबरलीच होती. एकाही नावावर रेघ नव्हती. देवाजीभाऊंच्या नावाखाली घाटवाटानं विचारलं होतं: "वैरागडापासून सुरुवात करू या का?"

पुढच्या बाजारच्या दिवशी तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. देवाजीभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"लिही बेटी," ते म्हणाले. "पयले त्याले राम राम लिही."