पिंपाखालचा कोरडा जोड

एल्डनचा दाढीचा फेस न्हाणीघरात तसाच होता. व्हर्नाने नवऱ्याचे कपडे चर्चला देऊन टाकले, बूट शेजाऱ्याला दिले, पण तो फेसाचा डबा काही तिच्याने हलवला गेला नव्हता. आज मात्र तिने तो उचलला आणि तडक गॅरेज गाठलं.

गॅरेजात मधोमध लोखंडी चौकटीवर पिंप उभं होतं. स्टीलचं, कमरेएवढं, चकचकीत. दळलेले जव त्यात गरम पाण्यात भिजवायचे, त्यांचा गोड रस पंपाने तळातून ओढून पुन्हा पिंपात सोडायचा, आणि हे सगळं हवेचा स्पर्शही न होऊ देता करायचं. हवा लागली की जवाचा ताजा वास उडतो आणि तो रस आंबवून केलेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. त्यासाठी व्हर्नाने काय नाही केलं? पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवली. वरून ओतायचं सोडून ते तळातून हळूहळू चढवलं. रसावर तरंगणारं झाकण बसवलं. परतीची नळी रसात बुडवून ठेवली, कारण वरून धार पडली की फेसाबरोबर हवा आत शिरते. तरी बिअर पुठ्ठ्याची ती पुठ्ठ्याचीच.

आणि हौस कुणाची, तर एल्डनची. तरुणपणी तो आणि त्याचा जिवलग मित्र ऑर्लो, दोघे फौजेत होते, जर्मनीत. तिथल्या एका गावची बिअर एल्डनच्या जिभेवर जन्मभर राहिली. फुफ्फुसं पार गेली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याने बायकोकडे एवढंच मागितलं. “तसली बिअर एकदा प्यायला मिळाली की मी निघायला मोकळा,” म्हणाला. इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनात ती मिळायची कुठून? बाटलीतून समुद्र ओलांडून येईपर्यंत तिचा ताजेपणा पार गेलेला असतो. म्हणून घरात हा सगळा खटाटोप.

नळ्या ऑर्लोने बसवल्या. आयुष्यभर त्याने गोठ्यागोठ्यांतून दूध काढायच्या यंत्रांच्या नळ्याच बसवल्या होत्या. त्याच्या कामात खोट काढायची पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती. व्हर्नाचे गुडघे गेलेले, त्यामुळे पिंपाखाली शिरायचं कामही त्याचंच. दर खेपेला तो पाठीवर पडून आत सरकायचा आणि खालून आवाज यायचा, “जोड एकदम कोरडे आहेत गं! एक थेंब नाही. तुझंच काहीतरी चुकतंय. ढवळताना हात जड पडतो तुझा.”

व्हर्नाला ते खरं वाटायचं. ती तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी ढवळायला लागली, तरी तेच. खाटेवरचा एल्डन उलट तिचीच समजूत घालायचा, “जाऊ दे गं, पुढच्या खेपेला जमेल.” पुढची खेप, पुढची खेप करता करता बर्फ वितळला आणि एल्डन गेला. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच वाटताना ती ज्याला त्याला सांगत होती, “एक ग्लास मागितला होता हो त्याने. तेवढंही माझ्या हातून झालं नाही.” ऑर्लो शेजारीच उभा राहून लोकांना कॉफी ओतत होता.

आज सकाळी ती धाकट्या भावाच्या गोठ्यात गेली होती. दूध काढायचं यंत्र नीट ओढत नव्हतं, म्हणून भाऊ नळीच्या जोडांना साबणाचा फेस फासत बसला होता. व्हर्ना गोठ्यातच वाढलेली. तिला हे कुणी शिकवायला नको. ओढणाऱ्या नळीला फट पडली तर बाहेर काही गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. जोड कोरडाच दिसतो. ती जागीच थबकली. आपला पंपसुद्धा पिंपातून रस ओढतोच की! मग ऑर्लो थेंब कसले शोधत होता? तो, ज्याने जन्मभर हेच काम केलं?

गुडघे ओरडत होते, तरी ती पिंपाखाली शिरली. पिंपात नुसतं पाणी भरलं होतं. ओढ वाढावी म्हणून तिने कॉक जरा आवळून पंप सुरू केला आणि प्रत्येक जोडावर फेस थापला. एकावर तो तसाच बसून राहिला, दुसऱ्यावरही. पिंपाच्या बुडाशी असलेल्या जोडावर मात्र फेसाला खळगा पडला आणि बघता बघता तो आत ओढला गेला. पाणी काढून तिने जोड सोडवला. रबराचा वायसर आतल्या बाजूने चिरलेला होता, ब्लेडने, सरळ रेषेत. झिजलेलं रबर असं फाटत नाही.

फोन केल्यावर ऑर्लो आला, हातात ताज्या चीजची पिशवी घेऊन. व्हर्नाने वायसर त्याच्यापुढे टाकला.

त्याने टोपी काढली. “अगं, जुना झाला असेल.”

“मला शेंडी लावू नकोस, ऑर्लो.”

त्याने वायसर उचलला. “आपण चाचणीला थोडेसे जव टाकले होते, आठवतं? तू आत एल्डनला औषध द्यायला गेलीस आणि मी रस चाखला. तोच वास, व्हर्ना. अगदी तोच! मी घाबरलो.”

“चांगला निघाला म्हणून घाबरलास?”

“पिऊन झालं की निघायला मोकळा, म्हणाला होता ना तो? त्या ग्लासासाठीच तग धरून होता. डॉक्टर म्हणाले होते नाताळ बघणार नाही, पण टिकला ना बर्फ वितळेपर्यंत? मला वाटलं, जमलंच नाही तर अजून राहील.”

“तुला वाटलं! त्याचं शेवटचं मागणं द्यायचं की नाही, ते तू ठरवणार? मरताना तो माझी समजूत घालत होता रे, माझी! आणि तू शेजारी उभा राहून ऐकत होतास. वर माझाच हात जड!”

“मी सांगणार होतो.”

“कधी? मी मेल्यावर? चालता हो.”

तो गेला. चीजची पिशवी तिथेच राहिली. ती तिने कुत्र्याला घातली. एवढा विश्वास तिने सख्ख्या भावावरही टाकला नव्हता, आणि त्याच माणसाने तिचा केसाने गळा कापला होता.

तिने नवा वायसर बसवला, पुन्हा फेस लावून बघितला आणि एकटीने सगळं केलं. ढवळलंही नेहमीच्याच हाताने. पानं गळायला लागली तेव्हा बिअर तयार झाली. ग्लास नाकाशी नेला तर नुकत्याच दळलेल्या धान्याचा वास. पण ही तीच का? ती कधी जर्मनीला गेलीच नव्हती. ती चव माहीत असलेल्या जिभा दोनच, आणि त्यातली एक मातीखाली होती. तिने दातओठ खात ऑर्लोला फोन लावला.

तो दारातच उभा राहिला. “चाख आणि सांग,” ती म्हणाली. “निदान आता तरी खरं बोल.”

त्याने एक घोट घेतला आणि डोळे मिटले. “हीच,” तो म्हणाला. “व्हर्ना, अगदी हीच.” त्याने ग्लास पुन्हा ओठांकडे नेला, तेवढ्यात तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“पुरे. त्याला एवढीही मिळाली नाही.”

ऑर्लोची गाडी वळणाआड गेली. व्हर्ना पिंपाशेजारच्या स्टुलावर बसली आणि उरलेला ग्लास सावकाश प्यायली. आपला हात जड नव्हता, हे तिला एल्डनला सांगायचं होतं.