चौथा पट्टा

ताईचा डावा पाय गुडघ्याखाली काढला त्याला सात महिने झाले होते. नव्या पायासाठी तिचं माप दोनदा घेऊन झालं होतं आणि दोन्ही मापं वाया गेली होती. आता तिसरं घेतलं होतं. ज्या कागदी रस्त्यावर तिचं प्रकरण अडकलं होतं, तो रस्ता मीच आखलेला होता.

"काय रे किड्या," मी दारातून आत आलो की ती विचारायची, "माझा कागद चालतोय का, की माझ्यासारखाच बसलाय?"

किडा म्हणजे पुस्तककिडा. माझी साठी उलटली, ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. घरात आम्ही दोघंच. हे नाव तिने शाळेत असताना ठेवलं आणि मीही ते कधी नाकारलं नाही.

"फिरतोय," मी म्हणायचो.

"फिरू दे. कुणाला तरी फिरायला मिळतंय."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताई शिवणाच्या दुकानात कापड बेतायची. शिवणारीला बसता येतं, बेतणारीला उभं राहावं लागतं. दुकानाच्या मालकिणीने महिनाअखेरपर्यंत तिची जागा ठेवते म्हणून सांगितलं होतं. त्यापुढे ठेवता येणार नव्हती, आणि या वयात दुसरं कुठलं दुकान तिला उभं करणार नव्हतं. कुबड्या घेऊन कात्री धरता येत नाही, हे तिने घरातल्या टेबलाशी दोनदा करून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा ती पडली.

माझं काम सांगायला थोडं अवघड आहे. दोन-तीन कंपन्या मिळून एकच गोष्ट करणार असल्या, की कुणी काय करायचं, झालं की कुणाला कळवायचं आणि कळल्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे कागदावर आखून द्यायचं. कागदावर प्रत्येक कंपनीचा एक आडवा पट्टा असतो. पट्ट्यात तिच्या कामांचे चौकोन, त्यांना जोडणारी सलग रेघ. एका कंपनीचा निरोप दुसरीकडे जातो ती रेघ मात्र तुटक. दुसऱ्याच्या पट्ट्यात आत काय चालतं ते कुणी बघायचं नाही. फक्त तुटक रेघा सगळ्यांच्या. माणसांपेक्षा रेघांशी जास्त संबंध येईल म्हणून मी या कामात शिरलो. ती माझी समजूत चुकीची निघाली, पण तोवर वय झालं होतं.

पायाच्या कामात तीन कंपन्या होत्या. पहिली माप घेऊन साचा काढायची, दुसरी पाय बनवायची, तिसरी तो घरी नेऊन बसवून द्यायची. ताईचा पाय शाबूत होता तेव्हाची, दीड वर्षापूर्वीची ही गोष्ट. तिघांची माणसं एका लांब टेबलाशी बसत: मापाच्या कंपनीच्या बाई, कारखान्याचे साहेब, आणि पोचवणाऱ्या कंपनीचा एक माणूस, ज्याला सगळे हसरा म्हणत.

"आमचे दिवस निरोप उघडल्यापासून मोजायचे," साहेब म्हणाले. "आम्ही वाचलाच नाही तर आम्हाला काय कळणार?"

"आणि आमचे दिवस निरोप पाठवला की संपले," बाई म्हणाल्या. "त्यांनी तो डोक्याखाली घेऊन झोपावं, आमचं काही म्हणणं नाही."

"मग पाठवलाय पण उघडला नाही, ते मधले दिवस कुणाचे?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता. नऊ आठवडे त्यावरच गेले. उशीर ज्याच्या पट्ट्यात दिसेल त्याचं नाव वरच्यांकडे जाणार होतं, त्यामुळे मधली फट कुणीच घेईना. बाई आणि साहेब एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघून भांडत. मला भांडण सहन होत नाही. दहाव्या आठवड्यात मी तीन पट्ट्यांच्या खाली चौथा पट्टा काढला आणि त्यावर 'रुग्ण' असं लिहिलं. फटीतले सगळे दिवस त्यात टाकले. चौकोनाला नाव दिलं, 'रुग्णाच्या बाजूने विलंब'. एका मापाच्या फेरीत ते दिवस पंधराच्या वर गेले की रुग्णाच्या नावे एक कसूर. तीन कसुरी झाल्या की प्रकरण बंद.

तिघंही कागदावर वाकले. मग हसरा म्हणाला, "पेशंटला विचारायला नको?"

"कशाला?" साहेब म्हणाले. "तो काय बैठकीला येणार आहे? यायला पाय हवेत."

सगळे हसले. मीही हसलो, हे सांगायला हवं. त्या दिवशी तिघांनी सह्या केल्या. बाई जाता जाता म्हणाल्या, "काका, तुम्ही म्हणून सुटलं हे." मला बरेच दिवस त्या वाक्यावर बरं वाटत होतं.

ताईच्या बाबतीत पुढे जे झालं त्यात कुणाचाच हलगर्जीपणा नव्हता. साचा वेळेत निघाला, निरोप वेळेत गेला. कारखान्यात तो एकोणीस दिवसांनी उघडला गेला, कारण तिथे निरोप उघडण्याची घाई उघडणाऱ्याच्याच अंगाशी येते. काढलेल्या पायाचा उरलेला भाग पहिलं वर्षभर बारीक होत जातो, म्हणून माप पंचेचाळीस दिवसांनी शिळं धरतात. निरोप उघडून कारखान्यातल्या रांगेत नंबर लागेपर्यंत ताईचं माप शिळं झालं. पुन्हा माप, पुन्हा निरोप, पुन्हा तेच. दोन फेऱ्या, दोन कसुरी.

ताईला मी फट, कसूर वगैरे काही सांगितलं नव्हतं. माप शिळं झालं एवढंच सांगितलं होतं.

"मी तीस वर्षं मापं घेतली," ती म्हणाली. "ब्लाउज तयार होईपर्यंत बाई जाड झाली, असंही झालंय. पण म्हणून मी बाईला तीनदा बोलावलं नाही."

"पायाचं वेगळं असतं."

"असेल बाबा. तू शिकलेला."

तिसऱ्या फेरीचं माप घेऊन तीन आठवडे झाले असताना, महिना संपायला दहा दिवस उरले असताना, आढाव्याची बैठक लागली. मी तयारी केली होती. दोनशे प्रकरणांतले फटीतले दिवस मी एकेक करून बघितले होते आणि एका पानावर मांडले होते. त्यातला एकही दिवस रुग्णाचा नव्हता. निरोप उघडण्याला मुदत घाला, एवढंच मला म्हणायचं होतं. जाताना जिन्यात मी ते वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं होतं.

पण बोलायला साहेबांनी सुरुवात केली.

"जुनी प्रकरणं तुंबलीत. यादी बघितली की वरचे आम्हालाच विचारतात. तीन कसुरींऐवजी दोन करा."

"दोन बास झाल्या," बाई म्हणाल्या. "ज्याला पाय हवाय तो दोनदा चुकत नाही."

"चुकतच नाही," हसरा म्हणाला. "एक पाय असलेला माणूस जपून पाऊल टाकतो."

मी पान बाहेर काढलं. घसा साफ केला. "मला वाटतं, रुग्णाच्या बाजूने थोडं..."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या वाईट नव्हत्या, हुशार होत्या. "काका, या यादीत तुमचं कुणी आहे का?"

नियम असा होता की यादीत ज्याचं माणूस असेल त्याने आखणीच्या बैठकीत बसायचं नाही. तो नियमही मीच लिहिला होता. ताईचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर मला उठून जावं लागलं असतं; पण उठता उठता ते पान टेबलावर ठेवता आलं असतं. हे मला नंतर सुचलं. मला सगळं नंतरच सुचतं.

"नाही," मी म्हणालो. "माझं कुणी नाही."

पान मी फाइलखाली सरकवलं.

"मग दोन," साहेब म्हणाले. "आणि चालू प्रकरणांचं काय करायचं?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता आणि त्याचं उत्तर या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. चालू असलेलं प्रकरण ज्या नियमाने सुरू झालं त्याच नियमाने संपवायचं. नवा नियम नव्यांना. पंचवीस वर्षं मी प्रत्येक ठिकाणी हेच सांगत आलो होतो. त्या दिवशी एवढंच सांगितलं असतं तरी ताईची तिसरी फेरी चालू राहिली असती. पण बाईंनी नुकतंच विचारलं होतं, आणि त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या. जुन्यांना वगळा म्हटलं की का, असं विचारलं असतं.

"सरसकट लावता येईल," मी म्हणालो.

"बघा, काकांनी एका मिनिटात मोकळं केलं," हसरा म्हणाला.

घरी येऊन मी तीनच्या जागी दोन लिहिलं. ताई पलीकडच्या खोलीत भिंत धरून एका पायावर उभी राहायचा सराव करत होती. पाय आला की दोन्ही पायांवर किती वेळ उभं राहता येईल, याचा तिचा काहीतरी हिशोब होता.

तीन दिवसांनी दुपारी तिच्या फोनवर निरोप आला. तिने चष्मा लावून तो मोठ्याने वाचला.

"आपल्याकडून वेळेत प्रतिसाद न मिळाल्यामुळे आपले प्रकरण बंद करण्यात आले आहे. आपण नव्याने अर्ज करू शकता." तिने फोन माझ्यापुढे धरला. "याचा अर्थ काय रे?"

"नव्याने अर्ज करायचा."

"ते कळलं मला. प्रतिसाद मिळाला नाही म्हणजे काय? मला कुणी विचारलंच कुठे?"

मी पाणी प्यायलो. तिला खरं सांगायचं तर चौथ्या पट्ट्यापासून सुरुवात करावी लागली असती.

"एखादा फोन आला असेल. तुझा डोळा लागला असेल."

"मी दिवसा झोपत नाही."

"गोळ्या घेतल्यापासून लागतो कधी कधी. तुला कळत नाही."

तिने फोन परत ओढून घेतला. मग तिने फोनमधले आलेले कॉल बघायला सुरुवात केली, बोटाने एकेक खाली सरकवत. बराच वेळ बघत होती. माझी अशी अपेक्षा होती की तिला काहीच सापडणार नाही आणि ती माझ्यावर उखडेल. ती उखडली असती तर मी कदाचित बोललो असतो.

"हा एक आहे," ती हळू म्हणाली. "मंगळवारचा. अनोळखी नंबर. मी उचलला नाही. मला वाटलं विमेवाले असतील." तिने वर पाहिलं. "हा असेल का?"

मी नंबर बघितला. तो तिन्हीपैकी कुठल्याच कंपनीचा नव्हता; त्यांचे नंबर मला पाठ आहेत.

"हाच असेल," मी म्हणालो.

आयुष्यात ताईने स्वतःची चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. ती फोन मांडीवर ठेवून बसून राहिली.

"तू एवढी धावपळ केलीस," ती म्हणाली, "आणि मला एक फोन उचलता आला नाही."

"होतं असं."

"मालकिणीला कळवायला हवं. तिला दुसरी बघावी लागेल. तूच कळव, मला नाही सांगवणार."

"काय सांगू?"

"आहे ते सांग. म्हणावं, पाय मिळणार होता, पण माझ्याच हातून राहिलं."

मी मालकिणीला फोन लावला. ताई समोर बसून ऐकत होती, म्हणून मला तिने सांगितलं तसंच, शब्दही न बदलता सांगावं लागलं.