सयाजीरावांचा पत्र्याचा कर्णा

मी एक कर्णा. तोंडाशी रुंद, मागं निमुळता. महाडच्या रऊफ टिनवाल्यानं मला रॉकेलच्या डब्यातून कापलं, ते साल सव्वीस. सिनेमा कंपनी सावित्रीच्या पात्रात उतरली होती आणि वाऱ्यात डायरेक्टरांचा आवाज पैलतीराला पोचत नव्हता.

डायरेक्टर म्हणजे सयाजीराव, पोलादपूरकडच्या वाडीतले. मुंबईत कंपनीचे पडदे वाहता वाहता डायरेक्टर झाले. चित्र मुकं, म्हणून ते सीनभर माझ्यातून बोलत राहायचे. "घोडा फिरव रे! बाई, भाकरी करपल्यासारख्या काय रडता? मूल हरवल्यासारखं रडा!" आणि बाई खरंच रडायच्या.

सहा वर्षं मी त्यांच्या ओठांशी होतो. मग बोलपट आला. मला ट्रंकेवर ठेवलं. सीन सुरू झाला, सगळे चिडीचूप, आई मुलाला सोडून निघालेली, आणि सयाजीरावांना राहवेना. "आता मागं बघा!" आवाज फिल्मवर उमटला. चारदा तसंच झालं. कंपनीचे मालक म्हणाले, "सयाजीराव, घरी जा. गप्प राहता आलं तर कळवा."

मी त्यांच्याबरोबर वाडीला आलो. पडवीतल्या खुंटीवर टांगला गेलो.

त्यांनी गप्प राहायचा सराव मांडला. बायकोनं, आवडीनं, अंगणात भात कांडायचा. मुसळ थांबेपर्यंत यांनी रुमाल दातांत धरून समोर बघत बसायचं.

"एवढे गप तर तुमी लग्नात पन नव्हतात," आवडी हसायची.

दीड वर्षांची मैना बापाच्या तोंडावरचा रुमाल ओढायची. ते मान फिरवायचे.

एका दुपारी अंगणात तीन दगडांवर हंड्यात भात उकडत होता. आवडीची पाठ तिकडे. मैना दुडुदुडु हंड्याकडे निघाली. मी बघत होतो. सयाजीरावही बघत होते. खुंटीवरून मला ओरडता येतं का? मला कुणाचा तरी श्वास लागतो.

पोर किंचाळली तेव्हा आवडीनं मुसळ टाकून तिला उचललं. तळहात भाजला होता.

"अवो, तुमी बघत होतात! हाक का नाय मारलीत?"

त्यांनी रुमाल काढला. "मुसळ थांबलं नव्हतं," ते म्हणाले, आणि आपल्याच बोलण्याला दचकले.

आवडी पोरीच्या हातावर फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, "कळवा मालकाला. जमलं तुमाला."

चौथ्या दिवशी ते मोटारीनं मुंबईला गेले, ते गेलेच. मला नेलं नाही, आता माझं काम काय? त्यांचे बोलपट चालतात म्हणे. महाडला तंबूत एक लागलाही होता, आवडी गेली नाही.

पोर दोन शेतं पलीकडे गेली तरी आवडी पडवीत धावत येते. मग ती मला खुंटीवरून काढते. तिचा श्वास घाईचा, धपापलेला. मी तो जमेल तितका लांब पोचवतो. बाकीचा दिवस मी आणि कोळ्याचं जाळं.

सयाजीराव कुठं भेटलेच तर एवढं सांगा. मैना आता पाच वर्षांची झाली. हाक मारली की "ओ" देते. कुणीही मारली तरी देते.