नर्सरीची तयारी

आमच्या नांदे गावात जमीन विकलेल्या घरांना दोन गोष्टी हमखास येतात: तीन मजले आणि इंग्रजीची हाव. उषाबाईंच्या घराला दोन्ही आल्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या घरापुढच्या ओट्यावर उघडते, त्यामुळे त्या घरात काय शिजतंय ते मला माझ्या डाळीआधी कळतं. भोचक म्हणा हवं तर, मला चालतं.

उषाबाईंना दोन सुना. थोरल्या रोहितची बायको गौतमी, माले गावची, मराठी शाळेतून बारावी झालेली. धाकट्या सौरभची बायको मृण्मयी, भूगावच्या बंगल्यातली, बालवाडीपासून इंग्रजी शाळेत गेलेली. नातू एकच, गौतमीचा वेदांत, साडेतीन वर्षांचा. त्याला हिंजवडीकडच्या एका बड्या शाळेत नर्सरीला घालायचं ठरलं आणि शाळेनं कळवलं, आईवडिलांना भेटायला बोलावू. मुलाखत नाही हो, मुलाखतीला बंदी आहे. नुसत्या गप्पा. मात्र इंग्रजीत, आणि त्याही आईशी.

"मी शिकते," गौतमी म्हणाली. "दिवाळीपर्यंत वेळ आहे."

मला ती पाणी भरताना म्हणाली, "रजनीताई, मला दुसरं काही नको. शाळेच्या फाटकातून त्याला मी आत सोडणार आणि मीच बाहेर घेणार. त्याची आई म्हणून तिथं मीच उभी राहणार." एवढीच तिची मागणी. देवाकडेही माणूस याहून जास्त मागतं.

वरच्या मजल्यावर जळगावचा एक कंपनीतला मुलगा भाड्यानं राहायचा. तो खोली सोडून गेला तेव्हा झाडलोट करताना तिला एक जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी सापडली. तीच तिची शाळा. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि भाकरी थापता थापता पाठ करायची. पण गौतमी पडली शेतकऱ्याची लेक. माहेरी खुरपायला बसलं की धरलेली पात, म्हणजे पिकाची ओळ, बांधापर्यंत न्यायची, मधेच सोडून दुसऱ्या पातीत शिरायचं नाही, असं वळण. तिनं तेच इथं लावलं. एक शब्द धरला की त्याचे सगळे अर्थ पाठ झाल्याशिवाय पुढचा शब्द नाही. 'टेक' घेतला तर घेणे, नेणे, काढणे, वेळ लागणे, औषध पिणे, गाडी पकडणे, मनाला लावून घेणे. मी म्हटलं, "अगं बाई, एवढं कशाला? पोटापुरतं शीक." तर म्हणाली, "अर्धवट शिकले आणि मॅडमनी नेमका राहिलेलाच अर्थ विचारला तर?"

मृण्मयी आपली सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलेली. तिला एकेका शब्दाचा एकेकच अर्थ येत असेल, पण तो तोंडात तयार असायचा.

दसऱ्यानंतर उषाबाईंनी घरातच परीक्षा लावली. ओट्यावर खुर्ची टाकली, मृण्मयीला मॅडम केलं. रोहित, सौरभ, सगळे भिंतीला टेकून बसले. मृण्मयीनं पायावर पाय टाकून, मान तिरकी करून विचारलं, "सो, हू टेक्स केअर ऑफ युअर चाइल्ड?"

गौतमीचे ओठ हलले, आवाज आला नाही. मला खिडकीतून तिचा चेहरा दिसत होता. 'टेक' तिला येत होता. सातच्या सात अर्थ येत होते, त्यातला कुठला उचलायचा ते ती शोधत होती. मूल तिच्याच मांडीवर झोपलं होतं. नुसतं "मी" म्हणाली असती तरी भागलं असतं.

रोहित आधी हसला. नवराच हसला म्हटल्यावर बाकीच्यांना कसली भीड? सौरभनं तर मोबाइलवर शूटिंग केलं.

"वैनी, राहू दे आता," रोहित आईला म्हणाला. "हिला न्हाई जमायचं."

हे वैनी प्रकरण सांगायला हवं. उषाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात चार दीर. ते वैनी वैनी करायचे, ते ऐकून पोटची पोरंही वैनीच म्हणायला लागली. रोहित आणि सौरभ आजही आईला वैनीच म्हणतात. आमच्याकडे जुन्या घरांतून असंच असतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. आणि तोच दाखला उषाबाईंनी काढला.

"मृण्मयी जाईल," त्या म्हणाल्या. "कागदावर नाव गौतमीचं हाय ना, ते असू दे. ही तितं गौतमी म्हणून बसंल. पोरानं फक्त हिला मम्मा म्हणायचं आन तुला काकू."

"आई, मी त्याची..."

"मला माझ्या पोरांनी जल्मात आई म्हटलं न्हाई. माझं काय झिजलं? दूध तर माझंच पिली ना? तुला बोलता येत न्हाई म्हणून पोराचं वाटोळं करायचं व्हय?"

नाकी डोळी नीटस वाटणारा मुद्दा होता. रोहित "बरोबर हाय" म्हणाला आणि टँकरवाल्याला फोन करायला उठला.

पण पोरगं ऐकेना. मृण्मयीनं चॉकलेट दिलं, त्यानं चॉकलेट खाल्लं आणि तिला काकूच म्हटलं. तेव्हा उषाबाईंनी ते काम गौतमीवर टाकलं. "तुझंच ऐकतो तो. तू शिकव."

आणि तिनं शिकवलं. माझा सगळ्यात जास्त संताप होतो तो इथं. रडायचं, माहेरी जायचं, ताट भिरकावायचं, काहीतरी करायचं! ती त्याला ओट्यावर घेऊन बसली. "मी कोण?" "आई." "काकू. मी कोण?" "आई." हातात घेतलेलं काम अर्धं सोडायचं नाही हे वळण कुठं जातं? तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्या मांडीला आतून चिमटा काढला. चड्डीखाली दिसत नाही तिथं. तो कळवळला आणि सवयीनं ओरडला, "आई गं!" तिनं दुसरा काढला. "काकू म्हण." स्वतः रडत होती आणि चिमटे काढत होती. त्या घरात चिमटा काढायला दुसरं कुणी लागलंच नाही.

शाळेत सगळं झकास झालं. मृण्मयी रोहितशेजारी बसून फाडफाड बोलली, वेदांत तिच्या कुशीत बसून मम्मा मम्मा करत राहिला. गौतमी घरी पुरणपोळ्या लाटत होती, कारण सासूनं पेढ्यांऐवजी पोळ्यांचा बेत ठरवला होता. पुढं शाळेचं कार्ड आलं, मुलाला फाटकावर कुणाच्या ताब्यात द्यायचं त्याचं. नाव गौतमी, फोटो मृण्मयीचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. गौतमीनं ते कार्ड हातात घेऊन पाहिलं आणि खिळ्याला लावून ठेवलं.

"शाळा सुरू होईस्तवर घरात बी असंच चालू ठेवायचं," उषाबाईंनी बजावलं. "तितं तोंडातून चुकून निसटलं तर समदं मुसळ केरात."

परवा सकाळची गोष्ट. गौतमी ओट्यावर कपडे धूत होती, उषाबाई तांदूळ निवडत होत्या. वेदांत जिन्यावरून धावत उतरला आणि शेवटच्या पायरीवरून फरशीवर तोंडावर आपटला. ओठ फाटला, रक्त आलं. मोठ्यानं रडत, दोन्ही हात पुढं करून तो थेट गौतमीकडे धावला. तिनंही साबणाचे हात तसेच पुढं केले. "ये, ये," म्हणाली.

तिच्यापासून हातभर अंतरावर पोरगं थांबलं. रडणं गिळलं. पुढं केलेले दोन्ही हात त्यानं खाली घेतले, आपल्या मांड्यांवर घट्ट दाबून धरले आणि तिच्या तोंडाकडे बघत स्वच्छ म्हणाला, "काकू, मला लागलं."

गौतमीचे हात तसेच राहिले. तो वळला आणि मम्माला शोधत घरात गेला.

"बघ," उषाबाई कौतुकानं म्हणाल्या, "एवढं लागलं तरी इसरला न्हाई."