पुदिन्याच्या वासाचं बटण

लेक दातांची डॉक्टर झाली आणि शिंपीबाबांच्या तोंडाचे सुखाचे दिवस संपले. चाळीस वर्षं ते दोरा दाताने तोडत आले होते. कात्री कापडाला आणि दात दोऱ्याला, असा त्यांचा कायदा. लेकीने मात्र पहिल्याच तपासणीत सांगून टाकलं, की दातांच्या फटींत अन्न साचतंय, ब्रश तिथे पोचत नाही, आणि रोज फ्लॉसचा दोरा फिरवला नाही तर पुढचा हलणारा दात हातात येईल. पुढचा म्हणजे नेमका दोरा तोडायचा.

तिने फ्लॉसची डबी दिली. दुकानात येऊन बाबांनी तो दोरा ओढून पाहिला आणि हरखलेच. काय चिवट, काय गुळगुळीत, मेण आधीच लावलेलं, वर पुदिन्याचा वास! असला माल तोंडात घालायचा म्हणजे शुद्ध उधळपट्टी. त्याच दुपारी त्यांनी एका जाड कोटाची सहा बटणं त्याने लावली. गिऱ्हाईक खूश, बाबा खूश, आणि डबी पंधरा दिवसांत रिकामी.

रिकामी डबी पाहून लेकीचा ऊर भरून आला. ती नवी डबी देई आणि प्रत्येक रुग्णाला सांगे, की माझे बाबा या वयातही एक दिवस चुकवत नाहीत. त्यातले निम्मे रुग्ण बाबांचेच गिऱ्हाईक. ते दुकानात येऊन तोंडभर कौतुक करत, आणि बाबा ओठांत टाचण्या धरून नुसती मान हलवत. मनातून त्यांना लाज वाटे. पण आता खरं बोलावं तर लेकच चारचौघांत खोटी पडणार होती.

सहा महिन्यांनी तिने त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. हिरड्या लालबुंद, दात आणखी सैल. ती गोंधळून जवळ वाकली, तसं तिच्या पांढऱ्या कोटाचं वरचं बटण बाबांच्या नाकाशी आलं. ते त्यांनीच काल लावलं होतं, आणि त्याला पुदिन्याचा वास येत होता. बाबांनी हळूच हात वर करून ते झाकलं.

लेकीने हात बाजूला सारला आणि बटण हुंगलं.

"बाबा, तुम्ही रोज वापरता म्हणालात."

"वापरतो की. रोज."

रागाने तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तिने नवा दोरा बोटांना गुंडाळला आणि पुढच्या फटीत सरकवला. दातांत दोरा आला म्हटल्यावर चाळीस वर्षांची सवय कुठे जाणार? बाबांनी तो कचकन चावला. दोरा तुटला नाही. दात मात्र असा हलला, की कळ थेट कानापर्यंत गेली.

"राहील का गं हा?" बाबांनी बारीक आवाजात विचारलं. आता ते खरंच घाबरले होते.

"फटींतून रोज दोरा फिरवलात आणि तोडायला कात्री घेतलीत, तर राहील."

दुसऱ्या दिवशी तिने दोन डब्या पाठवल्या. एकीवर 'दात' लिहिलं होतं, दुसरीवर 'बटणं'. बाबा दुकानातल्या मोठ्या आरशासमोर, गिऱ्हाइकांच्या देखत, दात साफ करू लागले.

महिन्याने लेक दुकानात आली. दातांची डबी संपली होती, बटणांची तशीच भरलेली.

"बटण तुटलं तर पुन्हा लावता येतं," बाबा म्हणाले.

लेकीचे डोळे भरून आले. तरी निघताना तिने त्यांच्या सदऱ्याचं बटण हुंगून पाहिलंच.