दुसऱ्या नावाचं झबलं

"आई, माझ्या झबल्यावर दुसऱ्याच मुलीचं नाव का आहे?"

प्रश्न खरं तर माझा नव्हता. आमची बोरीवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. रविवारी दहिसरच्या भाड्याच्या घरात जायचंय आणि निम्मं सामान काढून टाकायचंय. आईने माझ्या बाळपणीची बॅग तेवढी कोणाला हात लावू दिली नव्हती. ती आंघोळीला गेल्यावर मी उघडली आणि क्यूट म्हणून फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकले. तेजलने झूम केलं. पिवळ्या झबल्यावर लाल दोऱ्याने भरलेलं होतं, प्रांजल.

'ए ऋता, तुला हॉस्पिटलात बदललं वाटतं,' तेजलने लिहिलं. सई म्हणाली, 'हिंमत असेल तर आत्ताच्या आत्ता आईला विचार.' वक्तृत्व स्पर्धेत चारशे पोरांसमोर बोलून बक्षीस आणल्यापासून हिंमतीचं मला कोणी शिकवायचं नाही. विचारलं.

वाटलं होतं, बॅग उघडली म्हणून ओरडेल. तिने उठून आधी आमचं दार लावलं. मजल्यावर ऐकायला उरलंय कोण? दोन घरं रिकामी, खिडक्यासुद्धा काढून नेलेल्या. संध्याकाळी त्या भोकांतून वारा शिरला की आत कोणीतरी कपाटं उघडतंय असं वाटतं. बाकी आम्ही आणि समोरच्या वसुधाकाकू.

"काकूंची मुलगी," आई हळू म्हणाली.

काकूंची मुलगी लहानपणीच गेली, एवढं मला माहीत होतं. तिचं नाव मात्र आमच्या घरात कधीच कोणी घेतलं नव्हतं.

"बाळाला पहिला कपडा नवा घालत नाहीत. धडधाकट मुलाचा जुना घालतात, म्हणजे त्याच्यासारखं आयुष्य लाभतं. प्रांजल चार वर्षांची होती, गुटगुटीत. काकूंनी आपणहून आणून दिलं होतं."

"मग परत का नाही दिलं?"

आई झबल्याची घडी घालत राहिली. उलगडायची, पुन्हा घालायची.

"ती तापाने गेली तेव्हा तू दोन वर्षांची. त्याच आठवड्यात तुलाही ताप. काकू दारात आल्या. म्हणाल्या, तिचं बाळपणीचं सगळं मी वाटून टाकलं गं, ते झबलं तरी आहे का? मी म्हटलं, सापडत नाहीये." तिने झबलं मांडीवर ठेवलं. "तुझ्या उशीखाली होतं ते. दिलं असतं तर तुझं आयुष्यच त्यांच्या घरात परत दिल्यासारखं वाटलं मला."

काकू दर वाढदिवसाला मला म्हणतात, "सरळ उभी राहा बघू," आणि डोक्याच्या जरा वर हात धरतात. आम्ही मैत्रिणी त्याची नक्कल करून हसायचो. आता कळलं, त्या हाताखाली माझ्याहून उंच कोणीतरी उभं असायचं.

फोन नुसता वाजत होता. 'काय गं, बदललं का?' मी ग्रुप म्यूट केला.

बाबा आतून पुस्तकांचा खोका घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तेरा वर्षं झाली. कपडे वाटायच्या पिशवीत टाका आणि विषय संपवा. काकू उद्या सकाळी सावंतवाडीला भावाकडे चालल्यात, कायमच्या. जाताना कशाला त्यांना त्रास?"

"मला टाकवत नाही, हो," आई म्हणाली. "दर दिवाळीला काढते, ऊन दाखवते, परत ठेवते."

"पण मी ठणठणीत आहे यार, आई. पंधरा वर्षांची घोडी झालेय."

"आजही तू शिंकलीस ना, की मी आधी कपाटाशी जाऊन ते जागेवर आहे का बघते."

मी झबलं हातात घेतलं. माझ्या दोन तळव्यांएवढंच होतं. डांबरगोळ्यांचा वास येत होता. 'प्रां'वरचा अनुस्वार जरा बाजूला सरकला होता. कोणीतरी घाईघाईत, बाळ उठायच्या आत भरला असणार. समोरून काकूंच्या घरातलं सामान ओढल्याचा आवाज आला. आई माझ्या हातांकडेच बघत होती, पण तिने ते काढून घेतलं नाही.

"मी हे आत्ता काकूंना देऊन येतेय," मी दोघांना सांगितलं. "आणि अचानक सापडलं वगैरे काही सांगणार नाही. आमच्याकडेच होतं, असं सांगणार."